आपल्या चर्चमध्ये तालीम कुठंय?

गेल्या वर्षी आमच्याकडे तीन दिवसांची उपवास-प्रार्थना झाली, मांडव घातला होता, बाहेरून वक्ते बोलावले होते, साउंड सिस्टीम भाड्यानं आणली होती आणि तिसऱ्या रात्री मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक रडले, हात वर करून उभे राहिले, पुढं जाऊन गुडघ्यांवर पडले. मीही पडलो. त्यात खोटं काही नव्हतं हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी त्या सभेला नावं ठेवतोय. पण त्यानंतरच्या बुधवारी आमची नेहमीची प्रार्थनासभा होती, संध्याकाळी सातला, आणि आम्ही सहा जण होतो, त्यात पाळकसाहेब आणि त्यांच्या मिसेस धरून. त्याच्या पुढच्या बुधवारी पाच.

हे फक्त आमच्याच मंडळीत नाही. पुण्यात, मिरजेत, नगरकडे, जिथं जिथं नातेवाईक आहेत तिथं विचारलं की हेच ऐकायला मिळतं, कन्व्हेन्शनला, म्हणजे अशा मांडवातल्या मोठ्या सभांना गर्दी, बुधवारी रिकाम्या खुर्च्या. आणि मग कमिटीच्या मीटिंगमध्ये उपाय काय निघतो, तर अजून एक कन्व्हेन्शन घेऊया, या वेळी एकवीस दिवसांची ठेवूया, मोठा वक्ता आणूया. मला हे चुकीचं वाटतं, मनापासून चुकीचं वाटतं, आणि का वाटतं ते नीट मांडायचा प्रयत्न करतो.

मी कोल्हापूरचा. अकराव्या वर्षी वडिलांनी मला पेठेतल्या तालमीत घातलं. ख्रिस्ती पोरगा म्हणून तिथं कुणी वेगळं वागवलं नाही, लंगोट लावला की सगळे सारखेच. मला वाटलेलं पहिल्याच दिवशी कुस्ती शिकवतील, ढाक, कलाजंग, घिस्सा, ही सगळी नावं मला आधीच पाठ होती. वस्तादांनी हातात फावडं दिलं. हौद्यातली लाल माती उकरायची, वर-खाली करायची, ढेकळं फोडायची, मग तिच्यात ताक, तेल, हळद टाकलं जायचं ते मिसळायचं. मग जोर, मग बैठका. दोन महिने हेच. एकदा धीर करून विचारलं, वस्ताद, कुस्ती कधी? ते म्हणाले, "उद्या बी ये." एवढंच. त्यांचं प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर असायचं आणि त्या वयात मला त्याचा राग यायचा.

आता कोल्हापुरात तालमी आहेत तसं खासबाग मैदानही आहे, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ साली पुरं झालेलं, हजारो माणसं बसतील एवढं. तिथं कुस्ती बघायला जाणं म्हणजे सण असतो. हलगी वाजते, शिट्ट्या होतात, पटका उडतो. पण खासबागेत पैलवान तयार होत नाही, तो तिथं फक्त दिसतो. तो तयार होतो पहाटे चारला उठून, कुणीही बघत नसताना, गल्लीतल्या अंधाऱ्या तालमीत. मैदान आणि तालीम दोन्ही पाहिजेत, पण मैदानं वाढत गेली आणि तालमींना कुलूप लागलं तर दहा वर्षांनी मैदानात उतरवायला पैलवान उरणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या मंडळ्यांचं हे झालंय. आपण खासबागा बांधत सुटलोय.

हे उदाहरण मी उगाच ओढूनताणून आणत नाहीये, ते पवित्र शास्त्रातच आहे. प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरात दीड वर्ष राहिला, साधारण इसवी सन ५० ते ५१ या काळात. करिंथच्या जवळ इस्थमिया नावाचं ठिकाण आहे, तिथं दर दोन वर्षांनी पोसायडन देवाच्या नावानं मोठे खेळ भरायचे, ऑलिम्पिकच्या खालोखाल ज्यांचं नाव होतं त्यातले हे एक. म्हणजे पौलाच्या मुक्कामात एकदा तरी ते भरले असणार. पौलाचा धंदा तंबू करण्याचा, आणि यात्रेला आलेली माणसं राहणार कशात, तंबूतच ना, तर अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या ज्या जोडप्याकडं तो काम करायचा त्यांच्या दुकानात बसून त्यानं त्या गर्दीसाठी कापड शिवलं असेल असं मला आपलं वाटतं, लिहिलेलं कुठं नाही. पण करिंथकरांना पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो सरळ मैदानातलंच बोलतो, शर्यतीत धावतात सगळे पण बक्षीस एकाला मिळतं, स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण सगळ्या बाबतीत संयम पाळतो, ते नाशवंत मुकुटासाठी आणि आपण अविनाशी मुकुटासाठी. हा नाशवंत मुकुट म्हणजे काय तर पाइनच्या डहाळ्यांचा, आणि काही काळ तर सुकलेल्या सेलरीच्या पानांचा. एका पालेभाजीसाठी माणूस वर्ष वर्ष तोंडावर ताबा ठेवायचा, हे करिंथकरांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं म्हणून त्यांना ते टोचलं असेल.

पुढं पौल म्हणतो मी माझं शरीर कुदलतो. आपल्या जुन्या भाषांतरातला हा 'कुदलतो' शब्द मला फार आवडतो, मूळ ग्रीक शब्द मुष्टियुद्धातला आहे, डोळ्याखाली ठोसा मारणं असा त्याचा अर्थ. आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना तो सुभक्तीची कसरत कर म्हणतो, तिथला ग्रीक शब्द म्हणजे ज्याच्यापासून जिम्नॅशियम आला तो, आणि त्याचं मूळ आहे 'उघडा' असा अर्थ असलेल्या शब्दात, कारण ग्रीक खेळाडू कपडे उतरवून सराव करायचे. तालमीत गेलेल्या माणसाला हे लगेच कळतं. शर्ट अंगात ठेवून जोर मारता येत नाहीत, तिथं पोट सुटलेलं असेल तर सुटलेलंच दिसतं.

पण या सगळ्यात एक गोष्ट आपल्याकडच्या उपदेशांमध्ये जवळजवळ नेहमी सुटते आणि मला वाटतं तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. हा धावण्याचा आणि ठोशांचा उतारा येतो कुठं? आठव्या अध्यायापासून पौल वेगळाच विषय बोलत आलाय, मूर्तींना वाहिलेलं मांस खावं की नाही. त्याचं म्हणणं असं की खायला तशी हरकत नाही, पण माझ्या खाण्यानं एखाद्या दुबळ्या भावाला ठेच लागणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. मग नवव्या अध्यायात तो आपले हक्क मोजून दाखवतो, मला मानधन घ्यायचा हक्क आहे, बायको बरोबर घेऊन फिरायचा हक्क आहे, आणि हे सगळे मी सोडलेत, मी सर्वांना सर्व काही झालो. आणि मग लगेच येते शर्यत. म्हणजे शरीर कुदलण्याचा संबंध आहे हक्क सोडता येण्याशी! माझ्या भावासाठी मला माझा हात आवरता आला पाहिजे, आणि ऐन वेळी हात आवरतो तो फक्त सराव असलेल्या माणसाचा. ही कसरत स्वतःला चमकवण्यासाठी नाहीच, दुसऱ्याला जागा करून देता यावी म्हणून आहे. हा संदर्भ काढून टाकला की उरते ती नुसती देहदंडाची स्पर्धा, आणि ती तर ख्रिस्ती इतिहासात भरपूर झालीये.

इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांचं बघा. चौथ्या शतकात तिथं हजारोंनी माणसं जाऊन राहिली, आणि त्यांच्या साधनेला ग्रीकमध्ये जो शब्द वापरायचे तो मुळात खेळाडूंच्या सरावाचाच शब्द होता, त्यांना ख्रिस्ताचे मल्ल म्हणायचे. त्यातला अलेक्झांड्रियाचा मकारियस म्हणून एक तपस्वी होता, त्याला सवयच होती, कुणी काही कठीण केलं असं ऐकलं की आपण त्याच्या वरचढ करायचं. तो वेष बदलून पाखोमियसच्या मठात गेला, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस एका कोपऱ्यात उभा राहिला, बसला नाही, आडवा झाला नाही, रविवारी कोबीची चार पानं खायची एवढंच. बाकीचे संन्यासी वैतागले, पाखोमियसला म्हणाले याला बाहेर काढा नाहीतर आम्ही निघालो. पाखोमियसनं काय केलं तर त्याचे आभार मानले, आमच्या पोरांचा ताठा उतरवलास म्हणाला, आणि आता घरी जा म्हणाला. मला या गोष्टीत पाखोमियस फार मोठा वाटतो. तो खरा वस्ताद. त्याला कळलं की हा माणूस दमदार आहे पण याच्यामुळं तालीम मोडेल.

आणि आज आपल्याकडं हेच फोनवरून चाललंय. कुणी एकवीस दिवस केले, कुणी चाळीस, फक्त पाण्यावर, आणि त्याचं स्टेटस. प्रभूनं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की उपास करताना डोक्याला तेल लाव आणि तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. इतकं साधं, स्पष्ट सांगितलेलं आहे. मागं माझ्या ओळखीतल्या एका बाईंना, शुगर आहे त्यांना, इन्सुलिनवर आहेत, एका सभेत सांगितलं गेलं की विश्वास असेल तर पूर्ण उपास धरा. दुसऱ्या दिवशी त्यांना ॲडमिट करावं लागलं. मला अजून त्याचा राग आहे. कुठलाही शहाणा वस्ताद दुखरा गुडघा घेऊन आलेल्या पोराला शंभर बैठका मारायला लावत नाही, तो म्हणतो तू आज बस, दोर चढ, नाहीतर मातीला पाणी मार. कॅथलिक मंडळीत हा शहाणपणा नियमातच आहे, बंधनकारक उपास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांना, आणि आजाऱ्यांना मोकळीक. आपण प्रोटेस्टंट लोक नियमांना नाक मुरडतो पण मग नियम नसलेल्या जागी जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो त्याचंच चालतं.

उलट बाजूनं जो आक्षेप येतो तो मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो माझ्या स्वतःच्या घरातून आलेला आहे. माझे मोठे काका आयुष्यभर संडे स्कूल शिकवत आले. ते म्हणतात, बाळा, तारण कृपेनं आहे, विश्वासानं आहे, कर्मांनी नाही, इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाच, तुझी ही रोजची हजेरी, रोजचं स्तोत्र, वहीत टिक करणं, हे सगळं हळूहळू कर्मकांड होणार. काकांना हे बोलायचा अधिकार आहे. आणि हा धोका खरा आहे.

पण मला वाटतं आपण कृपा आणि सराव यांना उगाचच समोरासमोर उभं केलंय. पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघितलं की हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं. रमाबाई जन्मल्या १८५८ साली, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आणि लहानपण सगळं तीर्थयात्रांमध्ये गेलं, पायी, या क्षेत्राहून त्या क्षेत्राला. उपासतापास, दानं, जप, काही करायचं बाकी ठेवलं नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील दोघं गेले, बहीण गेली. म्हणजे शिस्त काय असते हे त्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. शरीर कुदलणं म्हणजे काय ते त्यांनी पोटात अन्न नसताना अनुभवलेलं होतं. आणि त्यांनी पुढं स्वतः लिहिलं की या सगळ्यातून शांती मिळाली नाही. मग ख्रिस्ती झाल्यावर, कृपा म्हणजे काय ते उमगल्यावर, त्या निवांत बसल्या का? केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो बायका-मुली आणून सांभाळल्या. आणि त्यावर, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल पाहिजे म्हणून, पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. कितीतरी वर्षं ते भाषांतर चाललं. कानांनी ऐकू येईनासं झालं होतं. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतरही काम चालू ठेवलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

आता सांगा, ही शिस्त कृपा कमवायला होती? ती तर आधीच मिळालेली होती. लहानपणीचे कष्ट आणि म्हातारपणीचे कष्ट बाहेरून बघितले तर सारखेच दिसतात, पहाटे उठणं, कमी खाणं, न थांबणं. पण पहिल्यात देवाशी व्यवहार होता, एवढं देतो तेवढं दे. दुसऱ्यात घरातल्या लेकीसारखं कामाला लागणं होतं. आमच्या वस्तादांनी एकाही पोराकडून कधी पैसा घेतला नाही, तालमीत येणं फुकट होतं, माती फुकट होती. जोर मारून कुणी मातीची किंमत फेडत नव्हता. पण माती फुकट आहे म्हणून जो नुसता काठावर बसून राहिला त्याच्या अंगाला ती लागली नाही. फिलिप्पैकरांना लिहिताना पौल एकाच श्वासात दोन्ही बोलतो, आपलं तारण साधून घ्या, आणि तुमच्यात काम करणारा देव आहे. काकांना मी हेच वाचून दाखवलं. ते म्हणाले बघू. अजून बघतायत.

खेळाचं शास्त्र आता बरंच पुढं गेलंय आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी मंडळीच्या पुढाऱ्यांनी ऐकाव्यात असं मला वाटतं. लांब पल्ल्याचे जगातले सगळ्यात चांगले धावपटू त्यांच्या सरावातला बहुतेक भाग, साधारण ऐंशी टक्के, अगदी आरामात धावतात, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या हळू. जीव तोडून धावणं थोडंच. कारण शरीर बदलतं ते रोजच्या साध्या पुनरावृत्तीनं. आणि सराव थांबवला की दोन-तीन आठवड्यांतच दम कमी व्हायला लागतो. आता हे मांडवातल्या तीन रात्रींना लावून बघा. आपण वर्षभर बसून राहिलेल्या माणसाला तीन दिवस जीव तोडून पळवतो आणि मग तो चौथ्या दिवशी आडवा झाला की म्हणतो याचा विश्वास कच्चा. त्यापेक्षा त्याला रोज दहा मिनिटं चालायला लावलं असतं, एक स्तोत्र मोठ्यानं वाच, प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण, एका माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना कर, बास, तर वर्षाअखेरीला तो कुठं असता! खाशाबा जाधवांचं आपल्याकडं सगळे सांगतात, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ. पण १९४८ ला लंडनला ते सहावे आले होते, आयुष्य मातीत गेलेलं आणि तिथं समोर मॅट. त्या दोन ऑलिम्पिकच्या मधली जी चार वर्षं आहेत, रोजची, ज्यांचा एकही फोटो आपल्याला आठवत नाही, त्या चार वर्षांबद्दल मी बोलतोय.

दुसरं म्हणजे विश्रांती. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, तेव्हा तो झिजतो, वाढतो तो नंतर झोपेत. पैलवान दुपारी झोपतो ते आळसानं नाही. वाळवंटातल्या संत अंतोनीची गोष्ट आहे, तो भावांबरोबर हसत-बोलत बसला होता, एका शिकाऱ्यानं ते बघितलं आणि त्याला ते खटकलं. अंतोनी म्हणाला, धनुष्याला बाण लाव आणि ओढ. ओढला. अजून ओढ. अजून ओढ. शिकारी म्हणाला, असं ओढत राहिलो तर धनुष्य मोडेल की. अंतोनी म्हणाला, आमचंही तसंच आहे. शब्बाथाची आज्ञा दहा आज्ञांमध्ये आहे हे आपण विसरतो, आणि आपले पाळक तर सगळ्यात जास्त विसरतात, रविवारी तीन उपासना, सोमवारी मयत, मंगळवारी घरभेटी, आणि बुधवारी सहा माणसांपुढं पुन्हा उभं राहायचं. त्यांना सुट्टी कोण देतं?

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, जरी त्याचं नाव प्रत्येक उपदेशात येतं आणि अर्धंच येतं. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरच्या हीट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, रविवारी होत्या, आणि रविवार प्रभूचा दिवस म्हणून तो त्यात धावला नाही, चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत जिंकला, जागतिक विक्रम. इथं उपदेश संपतो, टाळ्या. पण पुढं काय झालं? पुढच्याच वर्षी तो चीनला मिशनरी म्हणून गेला, जिथं त्याचा जन्म झाला होता. युद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं, शेकडो माणसं, त्यात आई-वडिलांपासून तुटलेली शाळेची पोरं. तो पहाटे उठून दिव्याच्या उजेडात बायबल वाचायचा, मग दिवसभर पोरांना विज्ञान शिकवायचा, म्हाताऱ्यांना पाणी आणि कोळसा वाहून द्यायचा, खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही. एका रविवारी पोरं आपली आपणच खेळायला लागली आणि रेफ्री नसल्यानं मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल मैदानात उभा होता, शिट्टी घेऊन. ज्या रविवारासाठी त्यानं अख्ख्या जगासमोर शर्यत सोडली तो रविवार त्यानं पोरांसाठी सोडला. मला वाटतं हे पदकापेक्षा मोठं आहे, आणि हे पौलाच्या आठव्या-नवव्या अध्यायातलंच आहे, हक्क सोडणं. ज्याच्या अंगात नियम मुरलाय त्यालाच कळतं नियम कुणासाठी वाकवायचा. स्वतःच्या सोयीसाठी वाकवणारे आपण सगळेच आहोत. त्यानं आपले धावायचे जुने बूट हिवाळ्यात एका पोराला देऊन टाकले आणि थोड्याच दिवसांनी, २१ फेब्रुवारी १९४५ ला, मेंदूतल्या गाठीनं गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता.

खेळाची तुलना एका जागी मात्र तुटते, आणि तिथं ती तुटू द्यावी. खेळ माणसं गाळतो. तिशी-पस्तिशीनंतर पैलवान उतरणीला लागतो, मुकुट एकालाच मिळतो, पांगळा माणूस काठावरच बसतो. देवाच्या राज्यात असं नाही, आणि जी मंडळी आपल्या तरण्याताठ्या, गिटारवाल्या, माइकवाल्या पोरांकडंच बघते तिला हे कळलेलं नाही. आमच्याकडं एक आत्या होत्या, नात्यानं कुणाच्याच नाही, सगळ्यांच्याच आत्या. सांधे धरल्यामुळं शेवटची आठ-नऊ वर्षं त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्यांच्याकडं एक शाळेची वही होती, तिच्यात मंडळीतल्या सगळ्या घरांची नावं, पोराबाळांसकट, आणि रोज पहाटे पाच घरांसाठी त्या नाव घेऊन प्रार्थना करायच्या, महिन्याभरात सगळी मंडळी फिरून यायची. मुंबईला गेलेला, चर्च सोडून दिलेला एक पोरगा बारा वर्षांनी कुणाच्या तरी लग्नाला आला आणि सहज त्यांना भेटायला गेला. आत्यांनी त्याच्या धाकट्या मुलीचं नाव घेऊन विचारलं, तिचा दमा कसाय. त्या मुलीला त्यांनी कधी बघितलेलंही नव्हतं. तो पोरगा तिथंच उंबऱ्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, आत्या आमच्या सगळ्यांत जास्त फिट होत्या. त्यांना कुणी कधी स्टेजवर बोलावलं नाही.

तर मग करायचं काय? मोठ्या सभा बंद करा असं मी म्हणत नाही, खासबाग मलाही आवडतं. पण कमिटीनं बजेट करताना एकदा बघावं की मांडवावर किती गेले आणि आपल्यातल्या एका तरण्या पोराला प्रार्थना शिकवण्यावर किती वेळ गेला. वस्ताद शोधावेत, ते आपल्यातच आहेत, रिटायर झालेले शिक्षक, नर्स, अशा आत्या, ज्यांना वक्तृत्व नाही पण सराव आहे. प्रत्येकाच्या हाताखाली दोन-तीनच पोरं द्यावीत, पन्नास नाही, कारण पन्नास पोरांचा जोर कुणी दुरुस्त करू शकत नाही, खांदा कुठं पडतोय हे जवळ बसूनच दिसतं. आणि साधनेत फक्त वाचन-प्रार्थना धरू नये. रागावर ताबा, फोन बाजूला ठेवणं, ज्याच्याशी जमिनीच्या वादातून बोलणं बंद आहे त्या भावाला नाताळाच्या आधी फोन करणं, हे सगळे जोरच आहेत आणि मला विचाराल तर शेवटचा सगळ्यात जड आहे. आपल्याकडं किती घरं आहेत जी एकाच बाकावर बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. एकवीस दिवस उपास धरतात आणि बोलत नाहीत.

आम्ही गेल्या जूनमध्ये सुरू केलंय. सकाळी सहा ते साडेसहा, चर्चच्या मागच्या खोलीत. एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, वहीतल्या पाच घरांसाठी प्रार्थना करायची. वही आत्यांचीच आहे, त्यांच्या सुनेनं दिली, दमाच्या गोष्टीतल्या मुलीचं नाव तिच्यात अजून आहे. आम्ही चौघं होतो, पावसाळ्यात तीनच उरलो, आता सात आहोत. त्यातला एक कॉलेजचा पोरगा परवा मला विचारत होता, दादा, मला अजून काहीच वाटत नाहीये, प्रार्थनेत मन लागत नाही, किती दिवस लागतील? मला दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हटलं, उद्या बी ये. तो आला होता आज. उद्या स्तोत्र १२१ आहे, खोलीची चावी काकांकडं असते, ते पावणेसहालाच दार उघडून बसलेले असतात.